कवळी, मूठ आणि पहिलं पिस्तूल

गेल्या शनिवारी लॅबमध्ये एका आजोबांची खालची कवळी घासत बसले होते, तेवढ्यात भाचीने फोटो पाठवला. पिस्तुलाचा. नेमबाजीच्या स्पर्धेतल्या, हवेवर चालणाऱ्या एअर पिस्तुलाचा. लाल-काळी मूठ, चकचकीत नळी, तिच्याखाली नारिंगी सिलिंडर. फोटोखाली दोनच शब्द, "मावशी, घेऊ?" आणि त्याखाली किंमत. ती वाचून मी मायक्रोमोटर बंद केला.

भाची डोंबिवलीला असते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नेमबाजी सुरू करून दीड महिना झालाय. दर शनिवार-रविवार रेंजवर जाते असं धरलं तरी पिस्तूल हातात धरायची वेळ बारा-तेरा वेळांपेक्षा जास्त आलेली नाही. आणि बाईसाहेब दोन लाखांचं पिस्तूल बघतायत. पैसे अर्थात भावोजींचे.

मी लिहिलं, "आत्ता नको. उद्या माझ्या क्लबवर ये. हात घेऊन ये."

"हात घेऊन ये म्हणजे?"

"ये तू, मग सांगते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी डेंटल टेक्निशियन आहे. परळला आमची छोटी लॅब आहे. डॉक्टर दातांचं माप पाठवतात, आम्ही कवळ्या, कॅप, ब्रिज बनवून देतो. नेमबाजीत मी २०१७ साली शिरले, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तेही अपघातानेच. माटुंग्याच्या एका डॉक्टरकडे काम द्यायला गेले होते. दवाखाना बंद होता म्हणून शेजारच्या शाळेच्या ओट्यावर बसले. आतून दर अर्ध्या-एक मिनिटाने 'टप्प' असा आवाज येत होता. डोकावले तर लांबट हॉल, एका टोकाला पाच-सहा मुलं-मुली एक हात लांब करून पुतळ्यासारखी उभी, दुसऱ्या टोकाला कागदी टार्गेटं. कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही. आमच्या धंद्यातली माणसं अशी जागा बघितली की तिथेच रमतात. पुढच्या आठवड्यात फी भरून आले.

आणि मग वर्षभराने तीच चूक केली जी आता भाची करायला निघालीय.

तेव्हा मी क्लबचं पिस्तूल वापरायचे. जुनं, मुठीचा रंग उडालेलं, पाच जणांच्या घामाचं. मला वाटायचं, माझे गुण वाढत नाहीत ते या पिस्तुलामुळे. भिशीचे पैसे हातात आले होते. ओळखीच्याच्या ओळखीत कोणीतरी खेळ सोडत होतं, त्यांचं परदेशी बनावटीचं पिस्तूल नव्वद हजारांना होतं. नवीन घ्यायचं तर दीड-दोन लाखांची गोष्ट. मी ठाण्याला जाऊन बघितलं, एकदा हातात धरलं, वा म्हटलं आणि घेतलं. कंपनी उत्तम, नळी उत्तम, सगळं उत्तम. फक्त मूठ 'एल' मापाची होती आणि माझा हात 'एस' चा. विकणाऱ्याला ते दिसत होतं, पण तो कशाला बोलेल? आणि मला, जी दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात अर्ध्या मिलिमीटरची चूक शोधते, त्या मला ते दिसलं नाही. भिशीचा पैसा डोळे बांधतो.

त्यानंतर चार महिने माझे छर्रे डावीकडे. घड्याळाच्या भाषेत नऊच्या काट्यावर. मी रिअर साइटचा, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या टोकाला नेम धरायची जी खाच असते तिचा, स्क्रू उजवीकडे फिरवायचे, दोन दिवस बरं जायचं, तिसऱ्या दिवशी परत डावीकडे किंवा भलतीकडेच. आमचे सर कमी बोलतात. एके दिवशी मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "डोळे मिटा. पिस्तूल उचला, नेहमीसारखं टार्गेटवर न्या. आता उघडा." उघडले. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसायला हवी, ती डाव्या भिंतीला चिकटलेली. "परत." परत तेच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"पिस्तूल तुमच्या हातात बसलेलं नाही," सर म्हणाले. "तुम्ही मनगट वाकवून ते सरळ करताय. सामन्यात साठ वेळा मनगट सारखंच कसं वाकेल?"

मला काय वाटलं सांगू? कवळी! रुग्ण येतो आणि म्हणतो, दात छान दिसतात हो, पण चावताना हलतात. मग तो जीभ लावून, गाल आवळून कवळी जागेवर धरून ठेवायला शिकतो आणि वर्षभर तसाच जेवतो. मीही तेच करत होते. मूठ मोठी असल्यामुळे माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचत नव्हतं. नखाजवळच्या टोकानेच मी तो दाबायचे, म्हणजे मागे ओढायच्या ऐवजी बाजूला ढकलायचे. उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे त्याने डावीकडेच जाणार.

म्हणून पहिलं पिस्तूल घेताना कंपनी कुठली, नळी किती लांब, गेल्या ऑलिंपिकला कोणी कुठलं वापरलं हे सगळं नंतर. आधी मूठ. बाकी पिस्तूल यंत्रावर बनलेलं असतं आणि दहा मीटरवर बहुतेक सगळी चांगली पिस्तुलं तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी नेमकी मारतात. शिकंज्यात धरून मारलं तर एकाच भोकातून छर्रे जातात. चूक होते ती जिथे लाकूड आणि कातडी भेटतात तिथे.

मुठी एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत येतात, उजव्या-डाव्या हाताच्या वेगळ्या. मूठ वेगळी विकतही मिळते. बघायचं एवढंच: अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या खोबणीत पूर्ण वर आणि खोल बसते का. तशी बसल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी, म्हणजे पेराचा मधला भाग, ट्रिगरवर सहज पडते का. आणि त्या बोटाची बाकी लांबी लाकडाला न टेकता मोकळी राहते का. टेकत असेल तर ट्रिगर ओढताना बोट मुठीलाही ढकलणार. हे तिन्ही जमलं तर मग ती डोळे मिटायची परीक्षा. दुकानात लाज वाटते, मान्य आहे. साडीच्या दुकानात आपण पन्नास घड्या मोडायला लावतो, इथे पाच वेळा डोळे मिटायला काय हरकत आहे?

माझ्याकडे तर मूठ आलेली होतीच, आणि नवी मागवायला पैसे नव्हते. मग मी ती लॅबमध्ये नेली.

आमच्याकडे निळा-लाल कार्बनचा पातळ कागद असतो. दातावर ठेवून रुग्णाला चावायला सांगतात. जिथे निळा डाग जास्त गडद, तिथे दात उंच, तिथे घासायचं. मुठीचं लाकूड अक्रोडाचं, गडद तपकिरी, त्यावर निळं दिसेना. म्हणून आधी मुठीवर पांढरी मायक्रोपोर टेप चिकटवली, वर कार्बन कागद गुंडाळला आणि नेहमीसारखी मूठ आवळली. कागद काढला तर टेपवर माझ्या हाताचा नकाशा! अंगठ्याच्या मुळाशी गडद निळा गोळा, करंगळीजवळ एक पट्टा आणि तळहाताच्या मधे काहीच नाही. मोठा पांढरा तलाव. म्हणजे हात दोन टोकांना टेकलेला आणि मधे पोकळ. कवळी बरोब्बर अशीच हलते.

मग मायक्रोमोटरला मोठा कार्बाइडचा बर, म्हणजे घासायचं टोक, लावला, वेग कमी ठेवला आणि बेचकीच्या जागेपासून सुरुवात केली. दोन वेळा बर फिरवायचा, हात बसवून बघायचा, टेप, कागद, परत. अ‍ॅक्रिलिक घासलं की नाकाला झोंबणारा वास येतो, अक्रोडाच्या भुशाला मात्र जुन्या कपाटाचा वास. बेचकीकडचं लाकूड जसं कमी होत गेलं तसा हात पुढे सरकला आणि बोट ट्रिगरवर पोचायला लागलं. पोकळ जागेत एम-सील भरलं. हो, तेच, नळ गळतो तेव्हा लावतो ते. ओलं असताना ओल्या हाताने मूठ धरायची, पाच मिनिटं हलायचं नाही. सुकल्यावर परत कागद. तिसऱ्या रविवारी पांढरा तलाव गेला आणि टेपवर सगळीकडे सारखा फिकट निळा रंग आला. दिसायला मूठ आता अगदी भयाण आहे, खरूज झाल्यासारखी. क्लबमधल्या मुलांनी तिला 'कवळी' नाव ठेवलंय.

घासताना नियम मात्र बघून घासायचे. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीचा कुठलाही भाग हाताच्या पुढे जाऊन मनगटाला आधार देता कामा नये आणि तळहाताखालची फळी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही. ती फळी वरखाली सरकते. नवखे ती इतकी घट्ट आवळतात की हात पाचरीसारखा अडकतो. टेकेल एवढीच ठेवायची. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, पट्टा काही चालत नाही. बांगड्याही काढाव्या लागतात. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. उजवा हात मोकळा ठेवून मी डाव्या हातात चारच्या ऐवजी आठ घालते, तह झालाय.

आता ट्रिगर. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा लागतो. म्हणजे पिस्तूल नळी वर करून उभं धरायचं आणि ट्रिगरला अर्धा किलोचं वजन लटकवून उचलायचं. ते उचलल्यावर घोडा सुटला तर पिस्तूल स्पर्धेत नापास. दोन टप्प्यांचा ट्रिगर असतो. पहिला टप्पा मऊ, मग एक भिंत लागते, आणि भिंतीपाशी थोडं अजून दाबलं की सुटतो. नवख्याने ही भिंत स्पष्ट लागेल असाच लावून घ्यावा. गुळगुळीत, कुठे सुटतो ते न कळणारा ट्रिगर मुरलेल्यांसाठी ठीक.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की यांत्रिक? भाचीने पाठवलेल्या फोटोतलं इलेक्ट्रॉनिक होतं. फार सुंदर चालतात ती, यात वाद नाही. पण पहिल्याच पिस्तुलात बॅटरी, सर्किट, वायर असं सगळं हवं कशाला? मोठमोठ्यांच्या बाबतीतही पिस्तूल ऐनवेळी रुसतं. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्याजवळ निदान प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. डोंबिवलीच्या मुलीचा ट्रिगर रविवारी सकाळी रुसला तर ती कोणाकडे जाणार? यांत्रिक घे, स्क्रू ड्रायव्हरने भागतं. (त्याच मनूने तीन वर्षांनी पॅरिसला २२१.७ गुणांवर ब्राँझ घेतलं आणि पुढच्या आठवड्यात आमच्या क्लबमध्ये उभं राहायला जागा नव्हती. निम्मी मुलं दिवाळीपर्यंत गळाली. भाची गळायची नाही असं मला वाटतं, पण बघू.)

वजनाबद्दल थोडं. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. किलो म्हणजे पाण्याने भरलेला मध्यम तांब्या. एकदा उचलायला काहीच नाही. पण सामना साठ छर्ऱ्यांचा, पाऊण-सव्वा तास. आधी पंधरा मिनिटं सरावाची. शिवाय उचललं, जमलं नाही, न मारता खाली ठेवलं असंही होतं. सगळं धरून शंभरेक वेळा हात वर जातो. किलोभर वजन शंभरदा, तेही खांद्याच्या उंचीवर हात लांब करून. म्हणून नव्या मुलामुलींसाठी हलकं पिस्तूल बरं. हॅमर्लीचं एपी ट्वेंटी त्यासाठी लोक घेतात. स्टायरचं एलपी टू हेही साधं आणि भरवशाचं. मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ ही नावं तुम्ही रेंजवर ऐकालच, सगळीच उत्तम. हात ज्यात बसेल ते तुमचं. नळीच्या टोकाला वजनं लावून पिस्तूल जड करता येतं, हलकं मात्र करता येत नाही.

हवा कुठून येते हेही बघायचं. स्प्रिंगची पिस्तुलं स्वस्त, पण आतला दट्ट्या सुटताना सगळा हात हलवतो. लिव्हर ओढून एका छर्ऱ्यापुरती हवा दाबणारी असतात, रशियन बायकल त्यातलं प्रसिद्ध. टिकाऊ, सिलिंडरची कटकट नाही. पण दर छर्ऱ्याला दंड लावून लिव्हर ओढायचा आणि मग तोच हात शांत धरायचा. तरण्याताठ्यांना जमतं. मला चाळिसाव्या छर्ऱ्याला जमेना. आज बहुतेक सगळे सिलिंडरवाली घेतात. २०० बार दाबापर्यंत हवा भरायची, दीडशे-दोनशे छर्रे आरामात जातात. क्लबमध्ये भरायची सोय आहे का ते आधी विचारा. हातपंपाने भरता येतं, पण मुंबईची हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते पाणी सिलिंडरमध्ये जातं.

आणि जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा. वाचाच. दहा वर्षं ही त्याची मुदत. माझ्या नव्वद हजारांच्या पिस्तुलाच्या सिलिंडरवर २००७ कोरलेलं होतं आणि मी ते घेतलं २०१८ च्या जूनमध्ये. मला कळलं कधी, तर पहिल्या स्पर्धेत, तपासणीच्या टेबलावर. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, हा सिलिंडर कुठल्या साली संपला बघितलंत का?" मागे रांगेत बारा-तेरा वर्षांची पोरं. त्या दिवशी क्लबमधल्या एका मुलाने त्याचा सिलिंडर काढून दिला म्हणून उभी तरी राहू शकले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही." बरोबर आहे. नाहीच विचारलं.

पावसाळ्याचं एक सांगते, कारण परदेशी माहितीपुस्तिकांत हे नसतं. पिस्तुलाच्या पेटीतला फोम जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरतो. मी एका वर्षी गणपतीत आठ दिवस पेटी उघडली नाही, उघडली तर फोमवर पांढरी बुरशी आणि फ्रंट साइटवर गंजाचा ठिपका. आता औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवते आणि पिस्तूल पेटीत न ठेवता जुन्या सुती ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवते. कुलूप लावून.

रविवारी भाची आली. बरोबर ताई आणि भावोजीही. भावोजींचा पहिला प्रश्न, "एवढे पैसे घालायचेच तर खरंच पिस्तूल घेऊ या का? घरात संरक्षणालाही होईल." मी म्हटलं, भावोजी, चहा घ्या. संरक्षण आणि हा खेळ यांचा काही संबंध नाही. हे छर्रे साडेचार मिलिमीटरचे, पाच-सहा जूल जोराचे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या मापाच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, फक्त ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन पावती घ्यायची. बंदुकीच्या दारूवर चालणारं पिस्तूल हा वेगळा रस्ता. पोलीस आयुक्तालय, अर्ज, चौकशी, आणि हवं कशासाठी याचं उत्तर. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाकडे मुली जातात, आपली कोल्हापूरची राही सरनोबत त्यातच २०१८ ला एशियाडचं सुवर्ण घेऊन आली. पण सुरुवात तिथून करायची नसते. परवाना लागत नाही म्हणून हे खेळणंही नाही. डोळा जाऊ शकतो. चष्मा लावायचा, नळी कायम टार्गेटकडे, मारत नसाल तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, आणि घरी गेल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही, छर्रे शिशाचे असतात. भाचीने मान डोलावली. भावोजींनी दुसरा चहा मागितला.

मग तिला लाइनवर उभं केलं. समोर दहा मीटरवर कागद. त्यातला काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, आमटीच्या छोट्या वाटीएवढा. मधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर. माझ्या हिशेबात सांगायचं तर खालची पहिली दाढ, एक अख्खी. दहा मीटरवरून एका दाढेवर नेम धरायचा, तोही तिच्याकडे न बघता. कारण बघायचं असतं फ्रंट साइटकडे. टार्गेट धूसरच दिसलं पाहिजे. हे कळायलाच वर्ष जातं आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

क्लबमध्ये तीन मापांच्या मुठी आहेत. तिन्हींवर डोळे मिटून उचलायला लावलं. 'एम' वर साइट डावीकडे. 'एक्सएस' वर उजवीकडे, आणि बोट ट्रिगरच्या पलीकडे जातंय. 'एस' वर जवळजवळ मधे, किंचित खाली. फोटोतल्या त्या लाल-काळ्या पिस्तुलाची मूठ कुठली होती विचारलं तर म्हणाली, "लिहिलं नव्हतं."

"डावा हात कुठे ठेवायचा?" तिने विचारलं. पॅरिसला तुर्कस्तानचे ते नेमबाज, युसुफ डिकेच, खिशात हात घालून उभे होते, त्यांचे फोटो हिच्या मोबाइलवर आहेतच. ती काही ऐट नाही, बहुतेक सगळे पिस्तूलवाले तसेच उभे राहतात, हात लोंबकळला की खांदा हलतो. पण कुर्त्याला खिसा नव्हता. पुढच्या वेळी खिशाची पँट घालून ये म्हटलं. सामानाच्या यादीत ती पिस्तुलाच्या आधी येते. सपाट तळव्याचे, घोट्याच्या खालपर्यंतचे बूट दुसरे. छर्ऱ्यांचे पाचशेचे दोन डबे तिसरे, सपाट तोंडाचे, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाहीत.

सहा महिने क्लबच्याच पिस्तुलावर खेळायचं असं ठरलं. मुठीचे शंभर रुपये जास्त घेतात आमच्याकडे, 'एस' ची मूठ तिच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितली. मी अंजली भागवतचं उदाहरण दिलं, कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून सुरुवात केलेली मुलगी, पहिल्या दिवशी काय स्वतःची रायफल घेऊन गेली होती? यावर भाची म्हणाली, "मावशी, ती रायफल, हे पिस्तूल." हल्लीची पोरं!

ताईला मात्र हायसं वाटलेलं दिसलं. भावोजींना नाही. त्यांनी बहुतेक मित्रांना सांगून टाकलं होतं.

निघताना मी तिला पाच मिनिटं थांबवलं. लॅबमधून दातांचं माप घ्यायची सिलिकॉन पुट्टी आणली होती, पिवळी आणि पांढरी, दोन्ही सारख्या प्रमाणात मळायची. मळलेला गोळा एका जुन्या उघड्या मुठीच्या सांगाड्यावर थापला आणि तिला म्हटलं, "धर. घट्ट नाही, रेल्वेत दांडी धरतेस तशीही नाही. पोळीचा गरम डबा उचलतेस ना, तसं. आणि बोट सरळ." तिने डोळे मिटून धरलं. चार मिनिटांत पुट्टी कडक झाली. तिच्या पाचही बोटांच्या घड्या, तळहातावरची आयुष्यरेषा, करंगळीतल्या अंगठीचं वळ, सगळं त्यात उतरलं. अंगठी काढायला सांगायची राहूनच गेली.

आज सोमवारी त्यात प्लास्टर ओतून काढलंय. फळीवर डाव्या बाजूला दादरच्या एका बाईंची वरची कवळी, उजव्या बाजूला ब्रिजचं काम, मधे भाचीच्या मुठीचं पांढरं प्लास्टर. डिलिव्हरीचा मुलगा सकाळी आला, नेहमीसारखं सगळं उचलून पिशवीत भरायला लागला आणि तिथे थबकला. त्याने ते फिरवून फिरवून बघितलं.

"ताई, हे कुठल्या डॉक्टरचं?"

"ते राहू दे," मी म्हटलं. "त्याची डिलिव्हरी सहा महिन्यांनी."